किनवटचा मोह आणि शाळेतील अन्नविज्ञान

प्रस्तुत टिपणात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अन्नप्रक्रिया शिकविणाऱ्या शिक्षकाला माध्यमिक शाळेत स्वतंत्र स्थान का लाभले नाही, हा तो प्रश्न होय. किनवट परिसराच्या संदर्भात त्याचे स्वरूप अधिक स्पष्ट होते.

किनवट तालुका १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातून नांदेड जिल्ह्यात आला. पैनगंगेकाठच्या या वनप्रदेशात गोंड, कोलाम, आंध इत्यादी जमातींची वस्ती आहे. चैत्राच्या सुमारास पहाटे गळालेली मोहफुले वेचावयाची, उन्हात वाळवावयाची आणि टंचाईच्या दिवसांसाठी राखून ठेवावयाची, असा वनवासी जीवनाचा जुना परिपाठ आहे. पाण्याचा अंश घटला म्हणजे किण्वनास व बुरशीस आळा बसतो, हे परिरक्षणशास्त्राचे मूलतत्त्व त्यात आचरणरूपाने आलेलेच आहे. त्या आचरणास कारणमीमांसा जोडून देणे, एवढेच शिक्षकाचे कार्य उरते.

तथापि शिक्षणव्यवस्थेची वाटचाल निराळ्या दिशेने झाली. १९३७ च्या वर्धा परिषदेने हस्तोद्योगास शिक्षणाचे माध्यम मानले, आणि सेवाग्रामात सामुदायिक स्वयंपाकघरही शिक्षणाचाच भाग ठरले. पुढे १९५२-५३ च्या माध्यमिक शिक्षण आयोगाने वैकल्पिक अभ्यासक्रमाचे सात गट सुचविले. त्यांत शेतकी हा एक आणि गृहविज्ञान हा दुसरा. परिणामी अन्न पिकविणे एका गटात गेले, शिजविणे दुसऱ्या गटात गेले आणि टिकविणे मधल्यामध्ये राहिले. गृहविज्ञान तर बहुधा मुलींचाच विषय समजला गेला. १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाचा पुरस्कार केला, तरी ही फाळणी मिटली नाही. परभणी येथे १९७६ साली अन्नतंत्र महाविद्यालय निघाले व या शास्त्रास विद्यापीठीय प्रतिष्ठा मिळाली. शाळेपर्यंत मात्र ती फारशी झिरपली नाही.

मोहाच्या बाबतीत आणखी एक अडसर होता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमान्वये मोहफुलांवर नियंत्रण आले, व ते २०२१ साली शिथिल झाले. म्हणजे वनप्रदेशातील शाळेस प्रयोगासाठी सर्वांत सुलभ असे द्रव्य दीर्घकाळ विज्ञानाच्या नव्हे, तर अबकारीच्या कक्षेत होते. ज्या वस्तूवर विद्यार्थ्याच्या घरचा उन्हाळा अवलंबून, तीच वर्गात संशयित ठरली.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने सहावीपासून व्यवसायपरिचयाची तरतूद केली आहे. तिचे यश नव्या पाककृतींच्या संख्येवर अवलंबून नाही. विद्यार्थ्याच्या अंगणात वाळत असलेल्या अन्नाला शिक्षक ज्ञानाचा दर्जा देतो की नाही, यावरच ते ठरेल.