अफूची गोळी आणि रीतीचा मान

'अफूची गोळी देणं' हे आपण आता राजकारणापुरतंच बोलतो. पण गोळी खरोखरची होती. मुंबईच्या गिरणीत जाणाऱ्या बायका तान्ह्या बाळाला 'बाळगोळी' द्यायच्या, म्हणजे ते निपचित झोपायचं. तिच्यात अफू असायची. आईला नावं ठेवणं सोपं आहे हो. बाळाला ठेवायचं कुठं, आणि खाडा झाला की मजुरी बुडाली.

विकायचं कोण? १८७८च्या अफू कायद्याखाली परवान्याची दुकानं होती आणि महसूल सरकारचा. बेळगाव-अनगोळ तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे इथंही तोच कायदा. विलायतेत ओरड झाली तेव्हा १८९३मध्ये लॉर्ड ब्रासींच्या अध्यक्षतेखाली रॉयल कमिशन बसलं. त्यानं शेकडो साक्षी घेतल्या आणि १८९५मध्ये निर्वाळा दिला: इथले लोक बहुतेक बेतानं अफू घेतात, त्यांची रीत आहे, बंदी नको. हेन्री विल्सन या सभासदानं तेवढी वेगळी मतपत्रिका जोडली. माझ्या मते रीतीचा मान हा इथं तिजोरीचा आडोसा होता.

रीतीला खरा मान कसा देतात ते गडचिरोलीत दिसतं. तिथल्या आदिवासींचं दुखणं अफूचं नाही, दारू-तंबाखूचं; पण प्रश्न तोच. राणी आणि अभय बंग यांनी १९८६मध्ये 'सर्च' ही संस्था काढली. दवाखान्यात का येत नाही, असं त्यांनी गोंड लोकांनाच विचारलं. उत्तर आलं: इमारतीची भीती वाटते, डॉक्टर-नर्स पांढऱ्या कपड्यात असतात आणि आम्ही पांढरं कापड मढ्यावर घालतो, शिवाय आमच्या माणसांना बाहेर काढतात. मग दवाखाना त्यांच्या पाड्यासारखा बांधला, झोपड्या-झोपड्यांचा. नातलगांना सोबत राहायची सोय केली. नावही त्यांच्याच देवीचं, माँ दंतेश्वरी. व्यसनमुक्तीचं कामही तिथूनच चालतं. १९९३ला जिल्ह्यात दारूबंदी आली तीही गावोगावच्या लोकांनी, विशेषतः बायकांनी, मागून घेतलेली.

अफूच्या घराण्यातलं 'गर्द' पुण्यात पोरांना गिळू लागलं, तेव्हा त्याच १९८६ साली अनिल आणि डॉ. सुनंदा अवचटांनी येरवड्यात मुक्तांगण काढलं. पुढं तिथं व्यसनातून बाहेर पडलेलीच माणसं समुपदेशक झाली. नव्यानं आलेल्या पोराला समजावायला बसतो तो कालपर्यंत त्याच्याच जागी असलेला.