बंदुकीच्या मुखाचे माप

लोखंड घडविणाऱ्या ज्ञातीच्या स्मरणिकेत अमेरिकेतील रानटर्कीच्या शिकारीचा विषय कशासाठी, अशी शंका ज्ञातिबांधवांच्या मनात येणे साहजिक आहे. परंतु त्या शिकारीची बंदूक कशी सिद्ध झाली, हा इतिहास मुळात लोहकर्माचा इतिहास आहे. आणि त्यातील बोध आपणांस लागू पडणारा आहे.

टर्की हा मूळचा अमेरिका खंडातील पक्षी. १६१२ साली गोव्याहून आणलेला टर्की जहांगीर बादशहापुढे सादर झाला, तेव्हा बादशहाने त्याचे वर्णन आपल्या आत्मवृत्तात लिहून ठेविले. म्हणूनच ती हकीकत आज आपणांस ठाऊक आहे. रानातला नर आठ-नऊ किलो भरतो. त्याची पिसे व छातीचे मांस इतके दाट असते की, तेथे लागलेले छर्रे मर्मापर्यंत पोहोचतीलच असा भरवसा नसतो आणि जायबंदी पक्षी रानात तडफडत मरतो. यास्तव जाणता शिकारी केवळ मस्तक व मान यांवरच नेम धरतो.

एवढ्याशा लक्ष्यावर पुरेसे छर्रे पडावेत कसे? बारा बोअरची नळी, म्हणजे जिच्यात पौंडाचा बारावा भाग वजनाची शिशाची गोळी बरोबर बसते ती, शेवटपर्यंत सारखी असेल, तर ४० यार्डांवर ३० इंची वर्तुळात शेकडा ४० च्या सुमारास छर्रे पडतात. मुखाशी तीच नळी अवघी एक मिलिमीटर आकसविली, तर शेकडा ७० पडतात. या आकुंचनास ‘चोक’ म्हणतात.

ही युक्ती प्रथम कोणाची, याविषयी वाद आहे. इंग्लंडात न्यूकॅसलच्या पेप याने १८६६ मध्ये तिचे पेटंट घेतले. अमेरिकेत रोपर याने १८६८ मध्ये मुखावर बसविण्याच्या सुट्या चोकचे पेटंट घेतले. इलिनॉय प्रांतातील फ्रेड किंबल या शिकाऱ्यानेही आपला हक्क सांगितला. तथापि कीर्ती लाभली ती बर्मिंगहॅमच्या ग्रीनर यास. कारण १८७५ मध्ये ‘द फील्ड’ या पत्राने लंडनमध्ये जाहीर चाचणी घेतली, कागदी लक्ष्यावरील छर्रे मोजले गेले, आकडे छापले गेले आणि वादास तोंड उरले नाही.

आजचा टर्कीचा शिकारीही हाच मार्ग अनुसरतो. शिशाचे ४, ५ अथवा ६ क्रमांकाचे छर्रे तो निवडतो. औंसभर वजनात ४ क्रमांकाचे सुमारे १३५, तर ६ क्रमांकाचे सुमारे २२५ छर्रे मावतात. थोर छर्रा दूरवर जोर राखतो, पण संख्येने उणा; लहान छर्रे पुष्कळ, पण त्यांचा जोर लवकर ओसरतो. अलीकडे निघालेले टंगस्टनचे छर्रे शिशाहून पुष्कळच जड असल्याने ९ क्रमांकाचे बारीक छर्रेही पुरे पडतात. चोक अतिशय आवळला, तर जवळच्या पक्ष्यावर छर्र्यांचा पुंजका मुठीएवढाच पडतो आणि नेम हुकतो. म्हणून प्रत्येक नळी व प्रत्येक काडतूस यांची जोडी कागदावर झाडून, छर्रे मोजूनच निश्चित करावी लागते. त्या मोजणीत जेवढे अंतर खरे ठरेल, त्यापलीकडे बार टाकू नये, हा शिकाऱ्याचा धर्म होय.

आता आपल्याकडे दृष्टी वळवू. लोखंडाच्या पट्ट्या पिळून व ठोकून बंदुकीची नळी घडविणारे हात आपल्या देशातही होते. लंडनच्या त्या चाचणीनंतर तीनच वर्षांनी, १८७८ च्या शस्त्रकायद्याने परवान्यावाचून हत्यारे घडविणे बंद झाले. भात्यापुढची विद्या बापाकडून मुलाकडे तोंडी जात असे. भाता निवाला आणि विद्याही गेली. बादशहापुढे आलेल्या पाखराची नोंद राहिली, पण नळी घडविणाऱ्या बहुतेक कारागिरांचे नावही राहिले नाही.

ज्ञातीतील वृद्ध कारागीर अद्याप आहेत. विळ्याला पाणी कसे द्यावे, नांगराच्या फाळाला किती ताव पुरतो, हे त्यांस ठाऊक आहे. तरुणांनी वही घेऊन त्यांच्यापाशी बसावे, मापासह लिहून घ्यावे आणि सांगणाऱ्याचे नाव वर घालावे, एवढीच आमची विनंती आहे.