झाशीची राणी आणि संगीत रंगभूमी

झाशीच्या राणीचे नाव निघाले की पाठीशी मूल बांधलेली अश्वारूढ वीरांगना आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. बुंदेलखंडातील हरबोल्यांनी तिला गीतांतून गायिले. १९५३ साली सोहराब मोदींनी तिला रुपेरी पडद्यावर आणले. आणि कुसुमाग्रजांनी ‘वीज म्हणाली धरतीला’ या नाटकात तिला मराठी रंगभूमीवर उभे केले.

झाशीला नाटक परके नव्हते. राणीचे पती गंगाधरराव नेवाळकर नाटकांचे मोठे षौकी. ते स्वतःही भूमिका करीत. त्यांचा विवाह झाला १८४२ साली, आणि पुढच्याच वर्षी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले.

परंतु राणीचे चरित्र संगीत नाटकात मांडायचे, तर पदे घालावीत कोठे? लढाईच्या प्रसंगी नव्हेत, असे माझे मत आहे. तलवारींच्या खणखणाटात पद विरून जाते. आपल्या रंगभूमीवर पद शोभते ते बोलणे अपुरे पडते तेथे, मन द्विधा होते तेथे.

असा काळ राणीच्या आयुष्यात होता. जून १८५७ मध्ये झाशी छावणीतील शिपाई उठले, आणि ८ जूनला झोकनबागेत इंग्रज स्त्रीपुरुषांची व मुलांची कत्तल झाली. त्यानंतर राणीने कमिशनर अर्स्किन यांना पत्रे लिहून त्या कृत्याचा धिक्कार केला, आणि त्यांनी तिलाच राज्यकारभार पाहण्यास सांगितले. पुढे मात्र इंग्रजांनी दोष तिच्याच माथी मारला. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोजचा वेढा पडेपर्यंत, ज्या सत्तेने १८५४ साली दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले, तिच्याशी सलोखा की संग्राम, हा प्रश्न तिच्यापुढे होता.

झोकनबाग वगळून राणीला निष्कलंक देवता करणे सोपे आहे. पण त्याने तिच्या निर्णयाचे मोल उणे होते. तसेच झाशी पडल्यावर गोऱ्या सैन्याने नगरवासीयांची केलेली कत्तल वगळणेही अन्यायाचे होईल. ती त्या वेळी शहरात असलेल्या वरसईच्या विष्णुभट गोडशांनी ‘माझा प्रवास’ या ग्रंथात नोंदविली आहे.

इतिहासाचे कागद आपल्याला घटना सांगतात. त्या घटनांमागे एका तरुण विधवेने सोसलेला विचाराचा भार प्रेक्षकांच्या हृदयापर्यंत पोहोचविणे, हे संगीत रंगभूमीचे काम. ते तिने सत्याशी इमान राखून केले, तर आजच्या पिढीला राणी केवळ वंदनीय न राहता समजूही लागेल.