मैदान कुणाचं? भायखळ्याच्या खालच्या डिव्हिजनचा इतिहास कुठे शोधायचा

रिसर्चचा विषय सुचतो तेव्हा त्याच्यासोबत काही तयार शब्दही येतात. हे शब्द तपासून घेतले नाहीत तर पुढची दोन वर्षं आपण चुकीच्या दारावर टकटक करत बसतो. आजच्या पोस्टमध्ये असाच एक शब्द घेऊ: ‘होम ग्राउंड’.

फुटबॉलची मैदानं हिंडत फिरणं हा जगात अनेकांचा छंद आहे. इंग्लंडमध्ये लीगमधल्या सगळ्या 92 क्लबांची मैदानं पाहिलेल्यांचा एक क्लब 1978 पासून आहे. थायलंडमध्ये तिसऱ्या पातळीची लीग प्रदेशवार गटांत खेळली जाते, त्यामुळे तिथल्या लहान क्लबांच्या मागे लागलेला माणूस आपोआप प्रांतोप्रांतीची स्टेडियमं बघून येतो. क्लब म्हणजे गाव आणि गाव म्हणजे मैदान, असं हे सोपं गणित आहे.

आता हेच गणित घेऊन भायखळ्यात या. इथल्या खालच्या डिव्हिजनच्या क्लबाचं मैदान कुठलं? उत्तर मिळत नाही, कारण मुंबईत लहान क्लबाला बहुधा स्वतःचं मैदान नसतंच. लीगच्या मॅचेस कूपरेजला, क्रॉस मैदानावरच्या कर्नाटक स्पोर्टिंगच्या ग्राउंडवर, परळच्या सेंट झेवियर्स मैदानावर, नाहीतर बांद्र्याच्या नेव्हिल डिसूझा मैदानावर लागतात. ‘होम’ आणि ‘अवे’ हा फरक फक्त कागदावर. त्यामुळे ‘भायखळ्याच्या क्लबांची मैदानं’ असा विषय घेतलात, तर पहिल्याच महिन्यात तुमचं फील्डवर्क संपेल.

मग प्रश्न बदलायचा. क्लब कुठे खेळायचा, हे विचारण्याआधी क्लब कुठे *राहायचा*, हे विचारा.

भायखळा, माझगाव, नागपाडा, मदनपुरा या पट्ट्यात त्याची निदान तीन उत्तरं दिसतात. पहिलं चर्च आणि कूड. भायखळ्याचं ग्लोरिया चर्च आज जिथे आहे तिथे 1911 ते 1913 या काळात बांधलं गेलं. त्याच्या आसपास, माझगावात आणि धोबी तलावाला गोव्यातल्या एकेका गावाच्या कुडी होत्या. बोटीवर काम करणारे तारवटी दोन सफरींच्या मधले दिवस तिथे काढायचे. ट्रंक ठेवायला जागा, संताची वेदी, महिन्याची वर्गणी आणि गावचीच माणसं. अशा ठिकाणी अकरा पोरं जमवायला वेगळी खटपट लागत नाही. दुसरं उत्तर म्हणजे मोहल्ला आणि चाळ. मदनपुऱ्याचं झुला मैदान घ्या. वस्तीच्या मधोमध असलेली अशी मोकळी जागा लीगच्या मॅचला पुरत नाही, पण खेळाडू तयार करायला पुरते. तिसरं उत्तर म्हणजे नोकरी.

हे तिसरं उत्तर मुंबईत फार महत्त्वाचं आहे. 1891 मध्ये रोव्हर्स कप सुरू झाला तेव्हा मैदानावर गोऱ्या पलटणींचं राज्य होतं. भारतीय संघाने तो जिंकायला 1937 साल उजाडलं, आणि तो संघ होता बंगलोर मुस्लिम्स. स्वातंत्र्यानंतर मुंबईच्या वरच्या डिव्हिजनमध्ये टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, वेस्टर्न रेल्वे, महिंद्रा अशी नावं दिसू लागतात. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक मारणारा नेव्हिल डिसूझा याच मुंबईच्या फुटबॉलमधून आलेला. चांगला खेळलास तर कंपनी नोकरी देते, हा व्यवहार घराघरात ठाऊक होता. खालच्या डिव्हिजनचे क्लब त्या नोकरीकडे नेणारी शिडी होते. म्हणून वरच्या डिव्हिजनमध्ये काय घडलं हे समजल्याशिवाय खालच्या डिव्हिजनचा इतिहास लिहिता येत नाही.

ती शिडी काढून घेतली गेली, पण एका दिवसात नाही. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यानंतर गिरणगाव पूर्वीचं राहिलं नाही. रोव्हर्स कप शेवटचा झाला तो नव्या शतकाच्या उंबरठ्यावर. 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्राचा संघ 2010 मध्ये बंद झाला.

इथे थायलंड पुन्हा उपयोगी पडतो. तिथेही सरकारी खात्यांचे संघ होते. प्रांतीय वीज मंडळाच्या संघाने 2008 ची लीग जिंकली. पुढच्याच वर्षी एका राजकारण्याने तो विकत घेतला आणि अयुथयाहून बुरीरामला नेला. आज तो बुरीराम युनायटेड म्हणून ओळखला जातो. म्हणजे खात्याचा संघ गावाचा झाला. मुंबईत कंपनीने संघ मोडला, तेव्हा तो घ्यायला कुठला वॉर्ड, कुठली वस्ती पुढे आली नाही. का नाही? माझ्या मते हा पीएचडीच्या तोडीचा प्रश्न आहे, आणि तो जमिनीपाशी जाऊन पोचतो.

1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम 58 सांगत होता की, गिरणीच्या जमिनीचा साधारण एक तृतीयांश भाग महापालिकेला मोकळ्या जागांसाठी द्यावा, एक तृतीयांश म्हाडाला, उरलेला मालकाला. 2001 मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणीत फक्त आधीच रिकामी असलेली जमीन धरायची असं ठरलं. वाद कोर्टात गेला. 2006 मध्ये सुप्रीम कोर्टाने दुरुस्ती कायम ठेवली. जुन्या हिशेबाने जी मैदानं होऊ शकली असती, त्यांतली बरीचशी तिथेच संपली. राणीच्या बागेला लागून असलेल्या मफतलाल गिरणीच्या जमिनीतला काही भाग महापालिकेकडे आला, तो प्राणिसंग्रहालयाच्या विस्तारासाठी. ज्या नावाचा संघ कूपरेजला उतरायचा, त्या नावाच्या जमिनीवर वस्तीतल्या पोरांना गोलपोस्ट मिळाला नाही.

आता साधनांबद्दल. ‘या विषयावर काही सापडत नाही’ असं म्हणण्याआधी चार ठिकाणं बघा.

एक, विकास आराखडे. 1967, 1991 आणि 2034 चा, तिन्ही शेजारी ठेवा आणि खेळाच्या मैदानाचं आरक्षण कुठे आलं, कुठे गेलं ते वॉर्डवार टिपा. भायखळा ई वॉर्डात येतं.

दोन, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय. क्लब न्यास म्हणून नोंदलेला असेल तर घटना, पदाधिकारी, हिशेब यांची फाईल असू शकते.

तीन, वर्तमानपत्रं. इंग्रजीत निकाल सापडतील, पण तेवढ्यावर थांबू नका. नागपाडा-मदनपुऱ्यासाठी उर्दू ‘इन्किलाब’, गोवेकरांसाठी रोमी लिपीतली कोकणी पत्रं आणि गिरणगावासाठी मराठी दैनिकं बघायला हवीत. भाषा येत नसेल तर आत्ताच शिकायला लागा, किंवा प्रश्न आकसून घ्या.

चार, माणसं. संपाच्या वेळी पंचविशीत असलेला खेळाडू आज सत्तरीच्या जवळ आहे. टीमचे फोटो, कात्रणांच्या वह्या, वर्गणीची पावतीपुस्तकं त्यांच्या कपाटात आहेत. खोली रिडेव्हलपमेंटला गेली की हे सगळं रद्दीत जातं. आराखडे पुढच्या वर्षीही मिळतील, वह्या मिळतीलच असं नाही. म्हणून मुलाखती आधी घ्या. लेखी संमती घ्या, फोटो तिथेच काढा, मूळ वस्तू घरी नेऊ नका.

मुलाखतीत ‘तुमचं मैदान कुठलं?’ असं विचारू नका. ‘बूट कुठे ठेवायचात?’ असं विचारा. उत्तरात जी खोली येईल, कूड, चर्चचा हॉल, चाळीचा जिना नाहीतर ऑफिसची कँटीन, तिथून तुमचं पहिलं प्रकरण सुरू होईल.