दातांची तपासणी, पालघरपासून

विरारहून डहाणू लोकल धरली की वैतरणा, सफाळे, केळवे रोड आणि मग पालघर. याच पालघरमधून ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशभराचा ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ सुरू झाला. तेव्हा पालघर हा वसईसारखाच ठाणे जिल्ह्यातला तालुका होता. जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला.

या कार्यक्रमात मुलांच्या ३० तक्रारी तपासायच्या ठरल्या आणि त्यात दातही आले. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा, सरकारी आणि अनुदानित शाळांत एकदा जाणार.

यात मोठं काय? तर आपल्याकडे “दुधाचेच दात, पडणारच आहेत” म्हणून कीड तशीच सोडून देतात. पण दाढ ठणकायला लागली की पोरगं जेवत नाही, झोपत नाही, शाळा बुडवतं.

आता खरी अडचण ऐका. पथकात आयुष डॉक्टर, नर्स आणि औषधनिर्माता असतात. दाताचा डॉक्टर नसतो. पथक कीड शोधतं आणि पुढे पाठवतं. दात भरायला दवाखाना गाठावाच लागतो, आणि त्या दिवशी आईबापाची मजुरी बुडते. शाळेत सापडलेली कीड बरेचदा इथेच अडकते.

घरात शाळकरी भावंडं आहेत? मग आज एवढंच विचारा: तपासणी झाली का, आणि पुढे दाखवायला सांगितलंय का?