नाटकातले उसने सूर

नाट्यसंगीत म्हणजे अस्सल मराठी चीज, असे आपण फराळाला आलेल्या पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. अभिमान खोटा नाही. पण ‘अस्सल’ या शब्दापाशी माझ्यातला मास्तर जरा अडखळतो.

पुण्यात पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ पाहिले आणि अण्णासाहेब किर्लोस्करांच्या मनाने घेतले, की असे गाते नाटक मराठीत का नसावे? त्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, दिवाळीच्या तोंडावर, येथील आनंदोद्भव नाट्यगृहात ‘शाकुंतला’चे पहिले चार अंक रंगले. कथा कालिदासाची, चाली साकी-दिंडीच्या, कीर्तनातल्या, लावणीच्या आणि अण्णासाहेबांच्या कानडी मुलखातल्या. म्हणजे मुळातच ही गोधडी! पुढे ‘वीरतनया’त (१८९६) कोल्हटकरांनी पारशी-गुजराती रंगभूमीच्या चटकदार चाली आणल्या, ‘मानापमाना’त (१९११) गोविंदराव टेंब्यांनी पूरबी ठुमरीचा ढंग.

खरी मौज भास्करबुवा बखल्यांची. पोरवयात ते किर्लोस्कर मंडळीत गाणारे नट होते. आवाज फुटला, रंगभूमी सुटली. मग फैज महंमदखाँ, नत्थनखाँ, अल्लादियाखाँ अशा तिघांची तालीम त्यांनी घेतली. ग्वाल्हेर, आग्रा, जयपूर ही तिन्ही घराणी एका गळ्यात! १९११ साली पुण्यात त्यांनी गायन समाज काढला, आणि १९१६ च्या ‘स्वयंवरा’त ख्यालाच्या बंदिशींवर मराठी पदे बसवून बालगंधर्वांच्या हवाली केली.

पण ख्याल उचलून नाटकात ठेवला की पद होते, असे नव्हे. यमन तोच असतो. ख्यालात शब्द खुंटीपुरते. राग सावकाश उलगडतो, घाई कुणाला? पदात मात्र रुक्मिणी कुणाविषयी आणि काय म्हणते, हे पिटातल्या शेवटच्या माणसाला कळायला हवे. शिवाय कथा खोळंबलेली. बालगंधर्वांच्या गळ्यात शब्द कधी चुरगळला नाही. खोळंबा मात्र प्रेक्षकांनीच वाढवला. ‘वन्समोअर’वर ‘वन्समोअर’, बाहेर उजाडू लागले तरी कृष्ण आपला विंगेत ताटकळत! माझ्या मते संगीत नाटकाला या लाडांनीही आजारी पाडले.

१९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ आली. तिच्यासाठी केशवराव भोळ्यांनी मोजकी, आटोपशीर, भावगीताच्या वळणाची पदे केली.