पथकाचे गाणे, एकाचा गळा

गाणे लोकप्रिय झाले की ते गाणाऱ्याचे म्हणून ओळखले जाते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. ‘माझी मैना’ ही छक्कड लावणी मात्र त्याला थोडी अपवाद ठरली. तिचे रचनाकार अण्णा भाऊ साठे आज घरोघरी ठाऊक आहेत. ती गाऊन मैदाने हलविणारे अमर शेख जुन्या पिढीच्या स्मरणात आहेत. विसर पडला तो या दोघांच्या मागे उभ्या असलेल्या पथकाचा.

वाटेगावचे अण्णा भाऊ, बार्शीचे अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ साली लाल बावटा कलापथक उभारले. पथकातले गाणे एकट्याचे नसते. शाहीर कडवे म्हणतो, झीलकरी त्याचा शेवट उचलून धरतात, डफ आणि तुणतुणे त्याला पुढे ढकलतात. शाहिराला श्वास घेण्यास उसंत मिळते ती झीलकऱ्यांमुळे, आणि हजारोंच्या सभेत शब्द मागच्या रांगेपर्यंत पोहोचतो तोही त्यांच्याच बळावर. अमर शेखांचा पहाडी आवाज दैवी देणगी होती खरी. पण झिलीवाचून तो आवाज उघडा पडला असता, असे आम्हांस वाटते.

या लावणीचे मर्म मोठे हृद्य आहे. पोटासाठी मुंबईस निघालेला गडी, मागे राहिलेली त्याची सखी, तिचे रूप, तिचा निरोप. लावणीची ही ओळखीची वाट चालता चालता कवी एकाएकी वळतो आणि सखीच्या विरहात खंडित महाराष्ट्राचे दुःख पाहतो. बेळगाव, कारवार यांची नावे घेतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या वळणावर सभा पेटत असत, यात नवल ते काय! प्रचारगीते पुष्कळ झाली आणि विरून गेली. ही टिकली, कारण तिच्यातला विरह आधी खरा आहे, राजकारण मागून आले आहे.

आम्हां हुणसूरकर मराठी मंडळींना येथे थोडे अडखळायला होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी तो सारा भाग ज्या म्हैसूर राज्यात गेला, त्याच राज्याच्या पोटात, लक्ष्मणतीर्थेच्या काठी, आम्ही राहतो. १९७३ साली त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले तेव्हा मुख्यमंत्री होते देवराज अर्स, हुणसूरमधून अनेकदा निवडून गेलेले. शेजारच्या कन्नड घरांनी आमच्या गणेशोत्सवास आपले मानले आहे. मग ही लावणी आमच्या व्यासपीठावर म्हणावी काय? असा प्रश्न मंडळात कुजबुजत का होईना, निघतो.

आमचे मत, म्हणावी. आणि पुरी म्हणावी. सोयीचे अर्धे ठेवून उरलेले गाळणे हा रचनाकाराचा अपमान आहे. बेळगावचा कज्जा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. तो न्यायालय पाहील. बदलीच्या हुकुमाने वा धंद्यापायी गाव सोडून आलेल्यांना मात्र तिचा पूर्वार्ध समजावून सांगावा लागत नाही. घर सोडून बंगळूरूस नोकरीला गेलेल्या मुलांचे कन्नड आईबापही तो जाणतील.

१८ जुलै १९६९ रोजी अण्णा भाऊ गेले आणि बरोबर सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अपघातात अमर शेख. रचणारा आणि गाणारा एकाच पावसाळ्यात हरपले. पुढे विठ्ठल उमपांसारख्या शाहिरांनी ती लावणी आपल्या गळ्यात घेतली. आमच्या मंडळात कडवे म्हणणारे दोघेतिघे निघतात. झील धरायला माणसे हवी आहेत.